दहा लाद्या

सूरच्या बंदरावर बर्फाचा कारखाना.
मागच्या खोलीत मी, एक पंखा
आणि शिनोजने जाताना ठेवलेली फाईल.
मॉडेल त्याने बसवलं. कसं बसवलं
ते तो त्रिशूरला घेऊन गेला.
मला मिळाले फक्त सात आकडे
‘हात लावू नये’ नावाच्या शीटवर, पिवळ्या रंगात.

काम सोपं आहे.
उद्याचं तापमान लिहायचं, वाऱ्याचा वेग,
चंद्राची तिथी, शुक्रवार असला तर एक, नसला तर शून्य.
ज्याला त्याला त्याच्या आकड्याने गुणायचं,
बेरीज करायची, वर एकशे अठ्ठ्याऐंशी.
हे एकशे अठ्ठ्याऐंशी कशाचे, असं विचारलं होतं मी.
शिनोज म्हणाला, सगळं शून्य असतं तेव्हाचे.
सूरला कधी असतं सगळं शून्य?
जूनमध्ये रात्री अकरालाही
धक्क्याचा लोखंडी कठडा हातात धरवत नाही.

मग चौकटीच्या कोपऱ्यातला ठिपका पकडायचा
आणि ओढायचं खाली, विहिरीत दोर सोडावा तसं.
उद्या भरतो, परवा भरतो, पुढचा महिना भरतो.
माझा व्हिसा संपतो चारशे बाराव्या ओळीत.
एकदा हात जरा जास्त ओढला गेला,
त्याच्याही खाली आकडे येतच राहिले.

ओढताना सगळं सरकतं.
सरकू नये त्याला डॉलरचं चिन्ह ठोकायचं.
पगार रियालात, खिळे डॉलरचे.
मार्चमध्ये एक खिळा विसरले मी.
वाऱ्याचा गुणक घसरून रिकाम्या चौकटीवर गेला,
रिकाम्याने गुणलं की वारा पडतो.
बाहेर घोंघावत होतं, कागदावर समुद्र निवांत.
एकही होडी सुटली नाही, लाद्या निघाल्या तीनशे जास्त.
दुपारी धक्क्यावरून ओहोळ वाहत होते,
मांजरं रांगेने पाणी पीत होती.

तेव्हापासून रोज ताळा घालते.
भाकीत एका रांगेत, खरं गेलं ते दुसऱ्या,
फरक तिसऱ्या.
फरक बेशिस्त असावा, तोच त्याचा चांगुलपणा,
कधी चौदा, कधी उणे सहा, कुणाचं न ऐकणारा.
हा मात्र फिरून फिरून दहावर येऊन बसायचा.
रोज दहा लाद्या उरतात, कुणीच नेत नाही.
तापमापक तपासला. तिथी तपासली.
मी जतची, मासा पहिल्यांदा हातात धरला तो इथे,
म्हणून माशांवरही संशय घेतला.

शेवटी खलफानला विचारलं.
तो सुरमईवर पोतं टाकत होता.
त्याने कठड्याच्या तिसऱ्या कडीकडे बघितलं,
जिला दोर नव्हता.
‘सालिम,’ म्हणाला. ‘दहा घ्यायचा. दहाच.
भावाला मी सांगायचो, बारा घे, उन्हाळा आहे.’

फाईल उघडून तारखा पाहिल्या.
मॉडेल बसवलं होतं सप्टेंबरपर्यंतच्या नोंदींवर.
सालिम गेला ऑक्टोबरात.

जतला बाबांचं शिवणाचं दुकान होतं.
ते म्हणायचे, कपड्यात अंग असतं
ते माप घेतलं त्या दिवसाचं.
गिऱ्हाईक येतं आजारातून वाळून,
कपडा त्याची जुनी जागा धरून उभा.

नव्या नोंदींवर पुन्हा बसवता येईल,
मला येतं ते, दोन तासांचं काम.
मी फक्त सूत्राच्या शेवटी उणे दहा लिहिलं
आणि खलफानला सांगितलं, उद्यापासून उरणार नाहीत.
तो काही वेळ हात पुसत राहिला.
म्हणाला, ‘गुरुवारी राहू दे.’
मी कारण विचारलं नाही.

आता सूत्रात एक अट आहे,
गुरुवार असला तर शून्य, नसला तर उणे दहा.
पिवळ्या शीटवर तिला नाव द्यायचं राहिलंय.
चारशे बाराव्या ओळीनंतर जो कोणी इथे बसेल
तो विचारील, हे गुरुवारचं काय.